पोचलं?

एलादिओ बेतांकुरचा आवाज मी अठ्ठावीस वर्षं खांद्यावरून वाहिला.
म्हणजे तारेचं भेंडोळं, बॅटरी, मायक्रोफोनची पेटी,
आणि घसा धरला तर असू दे म्हणून
येर्बाच्या कडू काढ्याचा थर्मास.

मैदान फ्राय बेंतोसचं, नदीच्या अंगाला.
समालोचकाची खोली म्हणजे निलगिरीचे चार वासे, वर पत्रा.
वारा सुटला की पत्रा त्याच्या आधी बोलायचा.

सोळाव्या वर्षी रेडिओवर आला
तेव्हा फुटबॉल त्याच्या हाती कोण देणार?
सकाळी सातला निधनवार्ता,
मग हरवलेल्या गाई:
कपाळावर चांदा, डाव्या कानाला खाच,
शेवटची पुलापाशी दिसली.
"तिथंच शिकलो," म्हणायचा.
"मेलेल्याचं नाव चुकवायचं नाही,
आणि गाय ऐकणाऱ्याला दिसली पाहिजे."

पगार नव्हताच. जाहिराती आणशील, त्यातला तिसरा हिस्सा तुझा.
म्हणून कॉर्नर उडाला की चेंडू हवेत असतानाच
तो सिल्वेरा बंधूंच्या शवपेट्या विकून यायचा,
सागवानी, पितळी कड्यांच्या, हप्त्यांची सोय,
आणि चेंडू कुणाच्या तरी कपाळाला लागायच्या आत
परत मैदानात हजर.
एकदाही उशीर नाही.

आणि गोल.
त्यातला 'गो' बेंबीच्या देठापासून निघायचा,
'ल' कधी येईल ते देवाला ठाऊक.
मी घड्याळ लावून पाहिलंय. तरुणपणी सव्वीस सेकंद.
पलीकडच्या काठावर, अर्जेंटिनात,
कोळी गळ तसाच धरून थांबायचे म्हणे.
म्हणे. मी पाहिलेलं नाही.

मोन्तेविदेओनं एकदा बोलावून नेलं त्याला.
काचेची खोली, गुबगुबीत खुर्ची, दर महिन्याला पाकीट.
अकराव्या दिवशी बसमधून उतरला.
"तिथं एकाही खेळाडूची आई ओळखीची नाही," एवढंच म्हणाला,
आणि माझ्या हातातला थर्मास घेतला.

आता सांगायचं ते सांगतो.

एकसष्टाव्या वर्षाचा ऑक्टोबर. विसावं मिनिट.
माझ्या कानातली ती बारीक सरसर थांबली.
स्टेशनचा दिवा विझला.
(रस्त्यात ट्रॅक्टरनं खांब आडवा केला होता, हे रात्री कळलं.
स्टेशनवाले तोवर टँगोच्या तबकड्या लावत होते.)
मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता.
पण नेल्सन इरिगोयेन, धोबिणीचा धाकटा,
डावीकडून चेंडू घेऊन निघाला होता,
आणि एलादिओ सांगत होता त्याच्या मोज्याचा ढिला इलॅस्टिक,
गवतावरची लांबट सावली,
गोलरक्षकानं हळूच पुसलेलं नाक.
इतकं बारीक तो कधीच बोलला नव्हता.
हात माझा खिशातच राहिला.

सत्तर मिनिटं.
शवपेट्या दोनदा विकल्या.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला.
मानेची शीर तटतटली, पत्रा थरथरला,
मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं:
सत्तावीस.

मग मायक्रोफोनवर तळवा ठेवून
दर सामन्याला विचारायचा तेच विचारलं:
"पोचलं?"
"पोचलं," मी म्हटलं.

सोमवारी सिल्वेरांच्या दुकानावरून जात होतो.
एलादिओ गल्ल्यासमोर उभा राहून
चिल्लर मोजून परत देत होता,
कालच्या दोन जाहिरातींची.
धाकटा सिल्वेरा नको नको म्हणत होता.
मला पाहिलं त्यानं. मान हलवली.
मीही हलवली.

त्याला केव्हा कळलं, हे मी विचारलं नाही.
सामन्यानंतर कुणी सांगितलं असेल.
की विसाव्या मिनिटालाच, पत्रा एकदम जवळ आल्यासारखा वाटून?

पुढच्या रविवारी तार उलगडताना
एक टोक त्यानं स्वतः धरलं,
आणि खांबापर्यंत माझ्या मागोमाग आला.