दुरसुन

त्राब्झोन सुटतं, आणि काळा समुद्र
डाव्या खिडक्यांना येऊन चिकटतो.
उजवीकडे चहाचे मळे, इतके उभे
की खुडणाऱ्या बायका वाळत घातल्यासारख्या.

फादिमे माझ्या ओंजळीत हेझलनट ओतते,
ड्रायव्हरकडे हनुवटी उडवते:
"दुरसुन. म्हणजे, राहू दे.
आधीचे दोघे राहिले नाहीत."
आमच्याकडे याचा दगडू झाला असता.

राहतोय कुठे! सुरमेने गेलं, ओफ गेलं,
वळणावरसुद्धा चहाचा पेला
हातातून खाली ठेवत नाही.

मग एका उतारापाशी,
जिथे ना थांबा ना माणूस,
दोनदा हॉर्न.

रस्ता मोकळाच होता.

हेझलनटचे पैसे द्यायला मी पाकीट काढतो.
फादिमे माझा हात दाबते, म्हणते,
दुरसुन.