तबकडी

काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून
मी तळ्यात सोडते.
दिसेनाशी होते तिथे दोरीला चिमटा.
पस्तीस सेंटिमीटर.
म्हणजे पाणी बरं आहे,
गढूळ, भरल्या घरासारखं.

मनोरीच्या खाडीला लागून हे तळं,
आधी मिठागर होतं.
जोमा म्हात्रे इथेच मीठ ओढायचे, चाळीस उन्हाळे,
मग मिठागर बंद झालं.
आता पगारपत्रकावर ते ‘मदतनीस’.
मी क्षारमापकाच्या काचेवर थेंब ठेवते,
डोळा बारीक करून वाचते : बत्तीस.
ते बोट बुडवून जिभेला लावतात,
“तीस नि वर दोन,” म्हणतात आणि पचकन थुंकतात.
एकदाच चुकले.
त्या दिवशी मी काच धुतली नव्हती.

तळाशी एकशे चाळीस समुद्रकाकड्या,
परवान्यावर मोजून मिळालेल्या,
दर महिन्याला वजन करून वर कळवायच्या.
दिसायला? जोमादादांच्या मते
देवळाबाहेर कुणी विसरलेली वहाण.
डोळे नाहीत. घाई नाही.
एका टोकाने चिखल आत,
दुसऱ्या टोकाने वाळूची वळकटी बाहेर,
धुऊन दिल्यासारखी.
आणि त्यांच्या डोक्यावरच्या पाण्यात
प्लवक, साध्या डोळ्यांना नसलेलेच.
भिंगाखाली धरले की काचेच्या डब्या, होड्या, करवती,
एक आपला उगाच गरगर फिरणारा.
जगतात, मरतात, खाली पडतात.
खालच्यांची पंगत अशी चालते.

चैत्रात चार दिवस मळभ होतं.
पाचव्या दिवशी मुख्य कार्यालयातून साहेब आले,
बांधावरून वाकले. तळ दिसत होता.
“वा! काय नितळ पाणी ठेवलंय!”
वहीत शेरा मारून गेलेसुद्धा.
मी तबकडी सोडली.
नव्वदलाही दिसत होती,
घासून पालथ्या घातलेल्या बशीसारखी लख्ख.
माझ्या मानेवर घाम आला.

रात्री पावणेदोनला आमच्या बाजूची वीज गेली.
पाणचक्री दोनदा कण्हली, थांबली.
पलीकडे मार्वे, मालाड, सगळे मजले पेटलेले.
प्राणवायू तीन पूर्णांक एक.
मग दोन पूर्णांक सहा.
अष्टमीचा भांग, उघाडी उचलून उपयोग नव्हता,
भरती उंबऱ्याला शिवून माघारी जायची.
जोमादादांनी लेंगा गुडघ्यावर दुमडला.
“पानी निजलाय, बाय. उठवाला लागल.”
आणि मीठ ओढायचं जुनं फावडं घेऊन उतरले.
मी टोपाचं झाकण घेऊन मागोमाग.
पाण्याला मारत राहिलो आम्ही.
त्यांच्या शिव्या, माझे खांदे,
आणि प्रत्येक पाऊल अंगठ्याने चाचपून,
खाली कुणी झोपलेलं असेल म्हणून.
मध्येच एक निवटी माझ्या पोटरीवर आपटली,
मी किंचाळले, ते हसले,
तेवढीच विश्रांती.

सहानंतर कान्हेरीच्या डोंगरामागे उजाडलं.
पलीकडचे मजले विझले.
पाण्यात जे थोडे उरले असतील
त्यांनी कामाला हात घातला असणार.
दोन पूर्णांक सहा.
दोन पूर्णांक सात.
मी तो आकडा तीनदा वाचला,
चौथ्यांदा मोठ्याने.

सकाळी मोजल्या : एकशे एकोणतीस.
त्यातल्या बावीस जणींनी
पोटातलं होतं नव्हतं बाहेर टाकलेलं,
आतडी, पांढरे दोरे, सगळं चिखलावर.
“मेल्या?”
“नाही दादा. भीतीने टाकतात. आत नवं उगवतं.”
“किती दिवसान?”
“महिना-दीड महिना.”
त्यांनी फावडं धुतलं. उलटं करून पुन्हा धुतलं.
“मना त दोन वरसां लागली.”

वहीत साहेबांचा शेरा : पाणी उत्तम.
त्याखाली मी फक्त आकडे लिहिले.

बाराव्या दिवशी तळ्याला चहाचा रंग आला.
तबकडी अडतिसाव्या सेंटिमीटरला बुडाली.
बांधावरून जोमादादांनी विचारलं,
“दिसते का काय?”
“काहीच नाही,” मी म्हटलं,
आणि दोरीला चिमटा लावला.