एक शिसं कमी

रायबंदरहून सुटलेली फेरीबोट
चोडणच्या धक्क्याला टेकली, लोखंडी फळी दाणकन पडली,
आणि मी पहिला गिअर टाकायला क्लच दाबला
तर लिव्हर सैल आला हातात,
झोपलेल्या माणसाचा हात उचलावा तसा.

मागे एक पिकअप, मासळीचे रिकामे क्रेट, दोन सायकली,
आणि सगळ्यांना एकदमच घरी जायचं.
"धुकल, धुकल!" फेरीवरचा माणूस ओरडला.
ढकलली. सामानासकट दोनशे किलो, चढावर.

पिशवीत काय नव्हतं माझ्या?
दोन प्लग, ट्यूब, चेनलॉक, फ्यूज,
टेप काळी, टेप पांढरी.
गडहिंग्लजहून निघायच्या आदल्या रात्री
बारा वाजेपर्यंत यादीवर खुणा करत बसलो होतो.
बायको म्हणाली, एवढ्यात तर बिऱ्हाड बांधून झालं असतं.
क्लचची केबल तेवढी नव्हती.

बांधाच्या कडेला पास्कू.
मेकॅनिक म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं.
पाटी नाही, कॉम्प्रेसर नाही,
आंब्याला टांगलेलं सायकलचं एक चाक
आणि खाली वाळत घातलेला पागेर,
काठाला ओळीनं शिशाच्या गुंड्या.

"किदें जालें?"
मी मराठीत बरंच सांगितलं. त्यानं मला नाही, केबलला ऐकलं:
बाहेर ओढली, चिमटीतून फिरवत नेली, टोकाशी थांबला.
तार शाबूत होती.
टोकाची गुंडी तेवढी गेलेली, हरभऱ्याएवढी.

"पणजेंत मेळटली. पूण फाल्यां. आयज आयतार."
मग त्यानं नदीकडे पाहिलं,
आपण घड्याळाकडे पाहतो तसं. भरतीला वेळ होता.

पागेराची एक गुंडी पक्कडीनं सोडवली.
आतून एस्पेरांसनं कुलेर आणून दिली, देतानाच बजावलं,
"ही परत म्हज्या कुजनांत नाका."

चिरा शोधला, कोरडा.
ओल्यावर शिसं तडतडून डोळ्यांत उडतं
हे त्यानं सांगितलं नाही,
डाव्या भुवईखालचा व्रण दाखवला.
चिऱ्याला भोकं देवानंच पाडलेली;
त्यातलं एक खिळ्यानं कोरून मापाचं केलं,
तारेचं टोक केरसुणीसारखं पिंजारून आत उभं केलं
आणि ओतलं.
क्षणभर ते शिसं इतकं लखलखीत होतं
की मी वाकून पाहिलं.
माझं तोंड नाही, आंब्याची फांदी दिसली.
मग राखाडी झालं. झालंच.

कानशीनं घासता घासता एवढंच बोलला
की पोरगा बोटीवर आहे, इंजिनात.
फोटो पाठवतो. हे घर आत मावेल एवढं इंजिन.
"तातूंतय गळटा म्हणटा," आणि हसला,
पोटातून, बराच वेळ.

नळीत खोबरेल सोडलं. केबल ओवली.
लिव्हर दाबला,
हाताला वजन लागलं.
किती बरं वाटतं
एखादी वस्तू जराशी अडून बसते तेव्हा.

पैसे घेईना.
मी नोट घडी करून चिऱ्याखाली सरकवत होतो,
तेवढ्यात त्यानं पागेर उचलला, काठावरून हात फिरवत गेला
आणि जिथं गुंडी नव्हती तिथं थांबला,
मघाशी केबलवर थांबला होता तसाच.
"हांगाच्यान एक नुस्तें वतलें," म्हणाला.
"तें तुजें."

दुसऱ्या दिवशी म्हापशात नवी केबल घेतली.
ती अजून पिशवीत आहे, प्लास्टिकसकट.

संकेश्वरच्या नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे
क्लच दाबून ताटकळतो,
बोटं दुखायला लागतात,
आणि मी मनात विचारतो:
गेलं का?