वॉशिंग्टन घरी नव्हता

विल्मिंग्टनच्या धक्क्यावर रात्री दोन वाजता
मी केळ्यांच्या पोटात थर्मामीटर खुपसतो.
तेरा पूर्णांक तीन. लिहायचं. पुढचं खोकं.
बारा हिवाळे हेच.
खोक्यावर निळ्या अक्षरांत एक गाव : ग्वायाकिल.
बारा वर्षं मी ते वाचलं
आगपेटीवरचं नाव वाचावं तसं,
म्हणजे वाचलंच नाही.

मग एका जहाजावर वॉशिंग्टन तोमाला आला,
शीतयंत्रं सांभाळणारा, ढेरपोट्या, एक दात सोन्याचा.
नाव वॉशिंग्टन, धाकट्या भावाचं लेनिन.
आमच्याकडे अशीच ठेवतात, म्हणाला,
पोरगं भांडणात हरू नये म्हणून.
मी सांगितलं, मी सावद्याचा, आमच्याकडेही केळीच.
तुमची कुठं जातात?
उत्तरेला, ट्रकनं.
तो बराच वेळ हसला.
आमचंही सगळं उत्तरेलाच जातं.

जानेवारीत रजा टाकून मी त्याच्या गावाला गेलो.
तो घरी नव्हता.
त्याचं जहाज आदल्या रात्रीच भरून निघालेलं
माझ्या गावाकडे.
विमानतळावर बहीण आली, नार्सिसा,
हातात पुठ्ठा, केळ्याच्या खोक्याचाच फाडलेला,
त्यावर लीलाधरचा झालेला लिलादार.
मी तो आठवडाभर तसाच राहिलो.

पहिल्या दिवशी नुसता घाम,
अंग कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते कळेना.
मग चर्चसमोरचा चौक :
झाडांवरून उतरलेले घोरपडींचे चुलतभाऊ
बाकावरच्या म्हाताऱ्याच्या बुटावरून चालत गेले,
त्यानं पाय न हलवता पेपरचं पान उलटलं.
टेकडीच्या पायऱ्यांना आकडे घातलेले.
दोनशे एकोणीसला मला धाप लागली, तेव्हा
एका बाईनं दारातली खुर्ची पुढं सरकवली.
कोण, कुठला, काही नाही.
उतरताना नार्सिसानं एका शटरवरची भोकं दाखवली.
"हेही बघून ठेव," म्हणाली, आणि चालीचा वेग वाढवला.

सकाळी तिच्या आईनं कच्चं केळं ठेचलं,
खारं चीज कोंबून गोळा केला, तव्यावर टाकला.
ही जात आमच्याकडच्या खोक्यांत नसते, मी म्हणालो.
म्हातारी वळलीसुद्धा नाही.
"चांगली आम्ही पाठवत नाही."

शेवटच्या संध्याकाळी नदीकाठी बसलो.
जलपर्णीची बेटं समुद्राकडे चाललेली,
एकावर बगळा, तिकीट काढून उभा असावा तसा.
थांब, नार्सिसा म्हणाली, परत येतील.
मला हसू आलं.
तापीकाठच्या माणसाला नदी शिकवतेय.
गेलेलं पाणी गेलं, एवढं तर आम्हाला ठाऊक.
दाणे संपले, दिवे लागले, डास आले,
आणि पाणी वळलं.
तीच बेटं, किंवा दुसरी, कोण सांगणार,
वर यायला लागली.
बगळा तेवढा उतरून गेला होता.

आता फेब्रुवारी.
ख्रिस्तीना नदीवर बर्फाचे पापुद्रे.
वॉशिंग्टन कठड्याला टेकून विचारतो,
कसं वाटलं गाव?
मला नीट सांगता येत नाही.
म्हणतो, तुझ्या आईचा डावा गुडघा सुजलाय,
इथून मलम घेऊन जा.
तो म्हणतो, गेल्या खेपेला मीही तुझ्या घरी गेलो,
तू नव्हतास.
बायकोनं तुझ्या वांग्याचं काहीतरी वाढलं.
अजून जीभ ठिकाणावर नाही.

तेरा पूर्णांक तीन. पुढचं खोकं.
खाली एक पापुद्रा आणि कुणाचा तरी कागदी कप
सोबतीनं शहराकडे निघालेत,
समुद्राकडे पाठ करून.
बारा वर्षं मी इथं उभा आहे.
ही पण उलटी वाहते? मी म्हणतो.
कधीपासून?

वॉशिंग्टन घड्याळ बघतो.
"झाला असेल पाऊण तास."