उंबरबारीची गढी

सुरगाण्याहून निघालेली जीप बारीच्या अलीकडेच थांबते.
पुढे पायी. फीत, फळी, मोजणीचा तक्ता
आणि साहेबांचा निरोप : अंधाराच्या आत आटपा.

गढी म्हणजे तरी काय,
एकीवर एक ठेवलेल्या तीन खोल्या.
खाली ढोरं, मध्ये माणसं, वर डोळे.
दार जमिनीपासून सात फुटांवर.
दिवेलागणीला शिडी आत ओढली
की गाव खाली राहायचं.

मी लिहीत जातो :
भिंतीची जाडी साडेचार फूट. चुना नाही,
माती, दगड आणि त्यांचं वजन.
जंग्या अकरा. सहा उगवतीला, पाच मावळतीला.

"शत्रू नेमका कुठला होता, बाबा?"
धवळू भोये तंबाखू मळत राहतो.
"ज्या साली जो येल तो.
कधी घाटावरले, कधी डांगातले,
कधी आमचेच,
आपली ढोरं सोडवाया गेलेले
नि दुसऱ्याची हाकत आलेले."

वरच्या मजल्यावर खिशात फोन थरथरतो :
गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.
चार पायऱ्या उतरलो की पुन्हा महाराष्ट्र.

आणि तिथं, मागच्या भिंतीत, कोळिष्टकांआड
बारावी जंगी.
जुन्या नकाशात नाही ती.
तिरकी, खाली कललेली,
बंदूक टेकवायला अगदी गैरसोयीची.
तिच्या कडेच्या दगडात एक खाच.
बोट ठेवलं तर बोट बसतं.

"दोराची हाये ती."
धवळू माझ्याकडं न बघता सांगतो.
"दोन भाऊ. तुळ्या आत, बंदूक घेऊन.
जिवल्या बाहेर, पलितेवाल्यांत.
आई दोघांची एकच.
तुळ्या पुढल्या जंगीला डोळा लावून बसला
की ती मागून फडकं सोडायची खाली.
नागलीच्या दोन भाकरी, मिठाचा खडा."

"आणि तुळ्याला कधीच कळलं नाही?"

धवळू तंबाखू दाढेखाली धरतो.
खाली कुणाची तरी शेळी ओरडते, गप्प होते.

"दोर त्याच्याच बाजेचा होता, साहेब.
रोज रातच्याला थोडी आणखी सैल व्हायची बाज.
झोपायचा तसाच, झोळीत झोपल्यावाणी."

मी खाचेला फीत लावतो. पाऊण इंच.
तक्त्यात अकरा खोडून बारा करतो.
खालून जीपचा हॉर्न, एकदा, दोनदा.
शिडीवर पाय ठेवता ठेवता
फळी गुडघ्यावर टेकवून
बारा खोडतो
आणि स्वच्छ अक्षरात लिहितो :
जंग्या, अकरा.