हातचा एक

फेब्रुवारीतल्या मंगळवारी मी वाचनालयाच्या तळघरात बसते,
गरम पाण्याच्या नळांखाली, एका डुगडुगत्या टेबलाशी,
आणि लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देते.
चौतीस वर्षं ईरीच्या टपाल कचेरीत काढली.
नजर थोडी गेली, बेरीज गेली नाही.

डेरिक पालुख आला तो बूट आपटत,
मागे ट्रीना, तिच्या काखेत बिस्किटांचा निळा डबा.
डब्यात बिस्किटं नव्हती.
पावत्या होत्या: मॅलरीचा इन्हेलर, ऑक्टोबरचा, डिसेंबरचा,
तातडीच्या विभागातली एक रात्र, दोन एक्स-रे,
आणि ‘खोली’ म्हणून वेगळा आकार,
जरी पोर रात्रभर पॅसेजमधल्या खाटेवरच होती.
सगळं तारीखवार लावलेलं, वर रबरबँड.
मी डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला.
पुढचं कसं सांगायचं, ते मला अजून जमत नाही.

कायदा म्हणतो, दुखणं आम्ही जमेस धरू,
पण कमाईच्या साडेसात टक्क्यांपर्यंत तुमचं तुम्ही सोसा,
त्याच्या वरचं मोजू,
आणि तेही, सगळ्यांना सरसकट मिळते
त्या सवलतीहून मोठं भरलं तरच.
थोडक्यात, डबा खिसगणतीत नाही.
“अजून थोडं आजारी पडायला हवं होतं,” ट्रीना म्हणाली,
आणि तिलाच हसू आलं, मलाही.
मग दोघी गप्प.

डेरिक बर्फ उपसणारा ट्रक चालवतो.
मालकाकडे माणसं नऊ; विम्याची सक्ती पन्नासांपासून.
म्हणून विमा यांनी आपला आपण घेतला.
सरकार दर महिन्याला त्यात काही घालत होतं,
डेरिकने वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेल्या अंदाजावर.
अंदाज प्रामाणिक होता.
सरोवराने ऐकलं नाही.
नोव्हेंबरअखेर पाण्यावरून ढग आले ते हललेच नाहीत,
मोटारी बर्फात कुठे आहेत ते काठ्या खुपसून शोधत होतो आम्ही.
मालकाचा फोन रात्री दोनला. डेरिक गेला.
पुन्हा फोन, पुन्हा गेला. एकवीस जादा पाळ्या,
कारण त्या एका रात्रीचं बिल
फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं.

मी एकवीस पाळ्या रकान्यात टाकल्या.
पडद्यावरचा हिरवा आकडा थबकला, लाल झाला.
दोन हजार एकशे चाळीस.
परतावा नव्हे. परत करा.

“बिल भरायला जे कमावलं,” तो सावकाश म्हणाला,
जणू मला नीट समजावं म्हणून,
“ते कमावलं म्हणून हे?”

हो.

मी पुन्हा ताळा केला. कुठेतरी हातचा एक विसरला असेल
अशी आशा मला या वयातही असते.
नव्हता विसरलेला.

माझाही विमा होता, टपाल खात्याचा.
खात्याने त्यात घातलेल्या पैशांवर
मला कधी एक सेंट कर लागला नाही, चौतीस वर्षं.
ती मदत होती हेच मला माहीत नव्हतं.
ती कुणी अंदाजाने दिली नाही,
आणि बर्फ जास्त पडला म्हणून कुणी परत मागितली नाही.
हे मी त्यांना बोलले नाही.

“मग पुढच्या वर्षी बर्फ पडला की घरी बसू का?”
चेष्टा नव्हती ती. पेन हातात धरून थांबला होता.
मी म्हणाले, कमाई बदलली की लगेच कळवायचं असतं त्यांना.
“रात्री दोनला?”

सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं.
ट्रीनाने डबा परत काखेत घेतला.
झाकण नीट बसत नव्हतं, तिने अंगठ्याने दाबून धरलं.

पहाटे माझ्या गल्लीत फाळ खरवडल्याचा आवाज आला,
पिवळा दिवा छतावरून फिरत गेला.
तोच असेल, किंवा उरलेल्या आठांतला कुणी.
मी पडल्या पडल्या मनात आकडा मांडला: एक.

उजाडलं तेव्हा दारासमोरचा रस्ता
काळा, ओला आणि मोकळा होता.