उसनवारीची वही

दांडिया बाजारात, घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत
मी मोडी वाचून देते.
पानाला ऐंशी रुपये, वाळवी लागली असेल तर शंभर.

मंगळवारी दिघ्यांचे पणतू आले.
प्लास्टिकच्या पिशवीत वही, वर रबरबँड.
ढाढर नदीकडची जमीन विकायची आहे, म्हणाले,
गिऱ्हाईक तयार आहे,
पण बांधालगतची बारा हात पट्टी
अमीन म्हणतात त्यांची.
‘तेवढी ओळ काढा. बाकीचं वाचू नका,
उगाच पानं वाढतात.’

मोडीत असं थांबता येत नाही.
लेखणी न उचलता लिहिलेली अक्षरं;
एक शब्द सोडवावा, तर तो पुढच्याचं बोट धरून
निघालेलाच असतो.

छप्पन्याच्या दुष्काळानंतरचं साल.
मूळजीभाई अमीन यांजकडे उसनवार दिले, बितपशील:
सरकी मण दोन.
तांब्याची कढई एक, मुलीच्या लग्नाकरिता.
बैल जोडी एक, एकादशी ते पुनव.
हाळी असामी एक, नावे भुलो, वेचणीपुरता.

कढई परत आली, काठाला पोचा.
बैल परत आले, ढवळा लंगडतो.
भुलोपुढे नुसतं ‘आला’.

शेजार वाईट होता असं कुणी म्हणू नये.
त्र्यंबकराव तापाने फणफणले तेव्हा
मूळजीभाई तीन रात्री उशाशी बसून होते.
दिघ्यांकडून दिवाळीला अनारसे जात,
अमिनांकडून उंधियूचं मडकं येई, राखेसकट गरम.
त्याचीही नोंद आहे. मडकं परत केल्याची सुद्धा.

मग पैसा बदलला.

त्र्यंबकरावांनी घेतले होते तीनशे, बाबाशाही.
फेडायच्या आत ते नाणंच बंद झालं;
शंभर कलदारला एकशेतीस बाबाशाही असा भाव फुटला.
मूळजीभाई म्हणाले, तीनशे म्हणजे तीनशे.
त्र्यंबकराव म्हणाले, दोनशे एकतीस, वर एक पै नाही.
एकोणसत्तर रुपयांवर आठ महिने बोलणं बंद.
एकाची मोट चालली की दुसऱ्याची थांबे.
अनारसे नाहीत. मडकं नाही.
वहीत नुसता हवामानाचा मजकूर,
आणि एकदा, का कोण जाणे, ‘आज मूळजीभाईंची म्हैस व्याली.’

तोड निघाली ती चैत्रात.
भुलोने स्वतःच्या लग्नाला घेतलेले बासष्ट,
बापाचे राहिलेले सात,
जमा एकोणसत्तर.
ते येणे अमिनांच्या नावे केले, भुलोसह,
त्याची बायको रेवली आणि पाठचे मूल यांसह.
उभयपक्षी समाधान.
विडे झाले.

आणि खाली, पणतूंना हवी होती ती ओळ:
‘भुलोचे खोपट बांधावर आहे ते तेथेच असो.
हाक मारता उभयतांस ऐकू जावे.
सबब बारा हात पट्टी कोणी आपली म्हणू नये.’

मी बाळबोधीत उतरवून दिली.
शनिवारी दोन्ही घरचे आले,
माझ्याच खोलीत खालून चहा मागवला.
कोणाची नाही म्हणजे निम्मी-निम्मी,
अमिनांचा मुलगा म्हणाला, आणि हसले सगळे,
खरोखर मोकळे, जुन्या सोयऱ्यांसारखे.
पुढच्या उन्हाळ्यात तिथे क्लब हाउस होणार आहे.

बिल केलं, सव्वीस पानांचं.
सत्तावीस होती.
शेवटच्या पानावर मजकूर नाही.
साक्षीदारांच्या सह्या, आणि त्यांच्याखाली
भुलोची निशाणी:
दोन आडव्या रेघा, एक उभी,
विळा असेल, किंवा खोपटाचं दार.
अख्ख्या वहीत तेवढ्याच जागी
लेखणी तीनदा उचललेली दिसते.

ती मोडी नव्हती.
मला वाचता आली नाही.